आधी इंग्रजी, मग पर्यावरण: अमेरिकेतले दोन वेगळे प्रवेश

अमेरिकेत एन्व्हायर्नमेंटल स्टडीजमध्ये मास्टर्स करायचं ठरवलंय, पण आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची गाडी नऊपैकी ५.५ बँडवर अडली आहे. अशा वेळी एजंट आणि विद्यापीठाचं माहितीपत्रक दोघंही एकच वाट दाखवतात: आधी तिथल्याच इंटेन्सिव्ह इंग्लिश प्रोग्रामला या, मग आपोआप पदवीच्या वर्गात जाल. सगळी मेख त्या ‘आपोआप’मध्ये आहे. इंग्रजीचा कोर्स हा एक प्रवेश आणि मास्टर्स हा दुसरा. दोन्हींचे कागद वेगळे, फी वेगळी, नापास होण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. मी या वाटेने गेले आहे आणि नंतर बऱ्याच जणांचे अर्जही तपासून दिले आहेत, त्यामुळे कुठे काय अडतं ते क्रमाने सांगते.

मुळात ही वाट कोणासाठी आहे ते पाहू. अर्धा बँड कमी पडत असेल तर या भानगडीत पडू नका. साधारणपणे ६.५ किंवा ७ मागतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांचे गुण बहुतेक वेळा रायटिंगमध्ये जातात. त्यात पहिल्या भागाला १५० शब्द आणि २० मिनिटं, दुसऱ्याला २५० शब्द आणि ४० मिनिटं असतात, आणि दुसऱ्या भागाला गुणांचं वजन दुप्पट असतं. पहिल्या भागातला आलेख रंगवत बसलात की दुसरा निबंध अर्धवट राहतो आणि तिथेच बँड घसरतो. संगणकावर परीक्षा दिली असेल तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत एकच कौशल्य पुन्हा देता येतं. मात्र तो निकाल आपल्याला हव्या त्या विद्यापीठाला चालतो का, हे आधी ईमेलने विचारून घ्या. टोफेल ही दुसरी इंग्रजी परीक्षा देणाऱ्यांसाठी एक बदल: २१ जानेवारी २०२६ पासून त्याचा निकाल १ ते ६ च्या पट्टीवर येतो, त्यामुळे जुन्या १२० गुणांच्या हिशोबाने लिहिलेले सल्ले जपून वाचा.

इंटेन्सिव्ह इंग्लिश खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते ५ ते ५.५ च्या आसपास अडलेल्यांना. पुस्तक वाचून कळतं, पण दोन पानं सलग लिहिता येत नाहीत, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांना. दुसरा गट एच-४ व्हिसावर आधीच तिकडे असलेल्यांचा. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे गेलेल्यांना एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ वर मात्र पूर्णवेळ चालत नाही, थोडे विषय घेता येतात. पुणे-मुंबईतून गेलेल्या कितीतरी जणी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजातल्या इंग्रजीच्या वर्गाने सुरुवात करतात. पदरमोड कमी होते आणि तोच अभ्यास होतो.

आता मास्टर्सच्या निवडीबद्दल. नावावर जाऊ नका. येल विद्यापीठाची शाळा १९०० साली वनशास्त्रासाठी निघाली, पुढे तिच्या नावात एन्व्हायर्नमेंटल स्टडीज आलं आणि २०२० मध्ये ती ‘स्कूल ऑफ द एन्व्हायर्नमेंट’ झाली. तिथे वन व्यवस्थापन, धोरण, औद्योगिक पर्यावरण असं सगळं चालतं. दुसरीकडे याच नावाचा छोटा विभाग समाजशास्त्राच्या अंगाने जाणारा असतो. ढोबळमानाने सायन्स म्हटलं की प्रयोगशाळा, आकडेवारी आणि क्षेत्रकाम, आणि स्टडीज म्हटलं की धोरण, कायदा, अर्थशास्त्र, नीती आणि थोडं विज्ञान. इंग्रजीचा कस दुसऱ्यात जास्त लागतो. रसायनशास्त्रातला विद्यार्थी समीकरणांच्या आधाराने वेळ मारून नेऊ शकतो. स्टडीजच्या सेमिनारला आठवड्याला शंभरेक पानांचं वाचन सर्रास असतं आणि त्यावर लेखी मत मागतात. इंग्रजी कच्चं आहे म्हणून सोप्या वाटणाऱ्या स्टडीजला अर्ज करणारे इथेच फसतात.

आणखी एक तपासायचं म्हणजे त्या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे सरकारी वर्गीकरणातला त्याचा क्रमांक. हा सहा आकडी कोड पुढे आय-२० वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापून येतो. पदवीनंतर मिळणारी १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे विषयाशी निगडित काम करायची परवानगी, आणखी २४ महिने वाढणार की नाही, हे तो कोड सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे का यावर ठरतं. एन्व्हायर्नमेंटल सायन्सचा ०३.०१०४ त्या यादीत आहे. पण जवळपास त्याच नावाचे धोरणविषयक अभ्यासक्रम सार्वजनिक प्रशासनाच्या कोडखालीही चालवले जातात. माहितीपत्रकातल्या ‘स्टेम’ शब्दावर विसंबू नका, विभागाला कोड विचारा.

आपल्या गुणपत्रिकांबाबत दोन गोष्टी. काही विद्यापीठं तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीए मास्टर्सच्या प्रवेशाला पुरेशी धरत नाहीत. त्यांना एमएस्सी किंवा चौथं ऑनर्स वर्ष लागतं. हे अर्जाची फी भरण्याआधी विचारायचं. दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या सक्तीच्या ‘पर्यावरण अभ्यास’ पेपरची. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवण्याचा आदेश दिला. पुढे यूजीसीने सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला आणि त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. पुस्तक चांगलंच आहे. पण हा पेपर भारतातल्या बहुतेक प्रत्येक पदवीधराच्या गुणपत्रिकेवर असतो, त्यामुळे एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या हेतूपत्रात) ‘मी पर्यावरण शिकले आहे’ याचा पुरावा म्हणून तो दाखवू नका. त्यापेक्षा नदीच्या पाण्याचे नमुने घेतले असतील, देवराईतल्या झाडांची नोंद केली असेल, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीचं काम केलं असेल, तर ते लिहा. कुठे, कोणत्या पद्धतीने, किती नमुने, काय निघालं, एवढं चार ओळींत.

अर्ज केला, विभागाला आपण पटलो, पण इंग्रजीचे गुण कमी आहेत, तर अटीसह प्रवेशाचं पत्र येतं. ते पत्र वकिलाने वाचावं तसं वाचा. अट कशाने पूर्ण होते? विशिष्ट आयईएल्ट्स गुणांनी, की इंग्रजी प्रोग्रामची शेवटची पातळी पास झाल्यावर? पातळी चालत असेल तर त्यात बी ग्रेड लागते की नुसतं पास? अट कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायची, आणि उशीर झाला तर जागा पुढच्या सत्राला जाते की अर्जच नव्याने करायचा? ग्रॅज्युएट स्कूलची अट एक आणि विभागाची त्याहून कडक, असंही असतं. पत्रात फक्त पहिली लिहिलेली असते. विभागाच्या समन्वयकाकडून दुसरी लेखी मागवा. याबाबत तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

आता आय-२०. पदवीच्या प्रवेशाची इंग्रजीची अट पूर्ण नसेल तर विद्यापीठाने पदवीचा आय-२० द्यायचा नाही, असं अमेरिकी सरकारच्या, परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या एसईव्हीपी विभागाने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं. त्यामुळे पहिला आय-२० इंग्रजीच्या प्रोग्रामचा येतो आणि त्यावर मुदतही तेवढीच असते. ती पाहून घरचे घाबरतात, पण हे असंच असतं. अट पूर्ण झाली की विद्यापीठ शिक्षणाची पातळी बदलून नवा आय-२० काढून देतं. अमेरिकेतच असाल तर त्यासाठी नवा व्हिसा किंवा पुन्हा सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी लागत नाही. इंग्रजी एका ठिकाणी आणि मास्टर्स दुसरीकडे असेल तर सेविस नोंद नव्या विद्यापीठाकडे हस्तांतरित करावी लागते. इंग्रजीचा कोर्स संपल्यावर हातात ६० दिवस असतात. तेवढ्यात बदल, हस्तांतर किंवा परतीचं तिकीट, काहीतरी एक झालंच पाहिजे.

इंग्रजी प्रोग्रामला मान्यता आहे का, हेही बघा. २०१० च्या कायद्याने एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचे विद्यार्थी घेणाऱ्या इंग्रजी प्रोग्रामना मान्यता सक्तीची केली. ती सीईए किंवा एसीसीईटी या संस्थांची तरी असते किंवा विद्यापीठाच्याच मान्यतेत तो प्रोग्राम धरलेला असतो. वर्गात शिकवण्यावर भर असेल तर आठवड्याला किमान १८ घड्याळी तास लागतात, बरेच प्रोग्राम २० च्या पुढे जातात. खर्चाची तुलना करताना सत्राच्या फीकडे बघू नका. फी, सक्तीचा आरोग्य विमा आणि इतर आकार यांची बेरीज करा आणि तिला एकूण तासांनी भागा. आठ आठवड्यांचं स्वस्त सत्र आणि चौदा आठवड्यांचं महाग सत्र यांतलं खरं स्वस्त कोणतं, ते तेव्हा कळतं. इंग्रजी शिकताना मिळणाऱ्या सवलतीही तोकड्या असतात. ओपीटी नाही, सीपीटी (शिकता शिकता विषयाशी निगडित काम) नाही. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करून मिळणारं मानधन, पदवीच्या विद्यार्थ्यांना असते. म्हणजे हे महिने पूर्णपणे घरच्या पैशावर. शैक्षणिक कर्ज घेत असाल तर भाषेचा कोर्स कर्जात धरला जाईल का, हे बँकेकडून मंजुरीपत्रातच लिहून घ्या.

व्हिसासाठी सेविसचे ३५० डॉलर, डीएस-१६० अर्जाचे १८५ डॉलर, मग बायोमेट्रिक्स आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातली मुलाखत. जून २०२५ पासून विद्यार्थी अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. इंग्रजीच्या आय-२० वर जाणाऱ्या भारतीयाला हमखास येणारा प्रश्न असतो: इंग्रजी शिकायला अमेरिकेत कशाला, भारतात वर्ग नाहीत का? प्रश्न रास्त आहे. ‘अमेरिकन उच्चार शिकायचेत’ हे उत्तर म्हणजे नकाराला आमंत्रण. अटीसह प्रवेशाचं पत्र सोबत असावं आणि सरळ सांगावं: या विभागात या विषयासाठी प्रवेश आहे, माझ्या लेखनाचे गुण इतके आहेत, त्यांना इतके हवेत, आणि दोन्हींचा खर्च असा भागणार आहे. इंग्रजीच्या पहिल्या आय-२० वर फक्त भाषा-कोर्सचे पैसे दिसतात. अधिकारी मात्र पुढच्या दोन वर्षांबद्दल विचारतो, तेव्हा तो हिशोबही तयार ठेवा. पहिल्या प्रवेशाला कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासूनच देशात येता येतं, त्याआधी नाही. तिकीट काढताना ही तारीख बघा.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पातळी ठरवणारी परीक्षा होते: वाचन, ऐकणं, अर्ध्या तासाचा निबंध आणि छोटी मुलाखत. पातळ्या साधारण पाच ते सात असतात. भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत इथे एक हमखास घोळ होतो. आपलं बोलणं धावतं आणि लिहिणं रखडतं. शेजारचा जपानी विद्यार्थी याच्या नेमका उलट असतो. मुलाखतीतला सराईतपणा पाहून शिक्षक वरच्या पातळीत टाकतात, विद्यार्थी खूश होतो, आणि परिच्छेद रचण्याचा जो पाया खालच्या लेखनवर्गात पक्का होणार होता तो कच्चाच राहतो. कौशल्यानुसार वेगळी पातळी देता का, हे पहिल्याच दिवशी विचारा. बोलणं-ऐकणं पाचव्या पातळीत आणि लेखन तिसऱ्या पातळीत, ही व्यवस्था कमीपणाची नाही, तीच बरोबर आहे. आणखी एक, हजेरी. गैरहजेरी ठरावीक टक्क्यांपुढे गेली की प्रोग्राम सेविसमध्ये कळवतो आणि स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहण्याचा कायदेशीर हक्क, जातं. आपल्या कॉलेजातली ‘प्रॉक्सी’ची सवय घरीच ठेवून या.

शब्दसंग्रहासाठी वर्गात हमखास येते ती अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट. ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक लिखाणातून काढलेली ५७० शब्दकुटुंबं, दहा उपयाद्यांत विभागलेली. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा याच शब्दांचा असतो. यादी पाठ करू नका. पहिल्या तीन-चार उपयाद्या घेऊन त्यातला शब्द आपल्या विषयाच्या लेखात कुठे आणि कशाबरोबर आलाय ते वहीत उतरवा. तिच्यात लीचेट, रनऑफ, रिपेरियन असे शब्द सापडणार नाहीत, कारण ती सगळ्या विषयांसाठी आहे. विषयाचे शब्द आपले आपण जमवायचे.

मराठी भाषकांच्या चुका ठरलेल्या आहेत. आपल्याकडे ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे ‘नेचर’ला ‘द’ लागतो आणि ‘एन्व्हायर्नमेंट’चा गळतो. रिसर्च, इक्विपमेंट, व्हेजिटेशन, सूएज हे मोजता न येणारे शब्द आपण बिनधास्त अनेकवचनात लिहितो, आणि हे चारही शब्द पर्यावरणाच्या प्रत्येक पानावर येतात. तिसरी सवय लांबच लांब वाक्यांची: ‘की’, ‘जे’, ‘म्हणून’ने जोडलेलं मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं की क्रियापद हरवतं. एका वाक्यात एकच दावा, हा नियम धरला की निम्म्या चुका आपोआप गळतात. उच्चारांचं फार मनावर घेऊ नका. फक्त आघात नीट टाका. हायपॉथिसिस, अनॅलिसिस, बायोडायव्हर्सिटी यांतला आघात चुकला तर ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही.

खरी अडचण व्याकरणाच्या पुढची आहे, आणि इंग्रजीचा सर्वसाधारण वर्ग ती शिकवत नाही. उदाहरण बीओडीचं घेऊ, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं. प्रयोगशाळेचा अहवाल आहे, विद्यार्थिनीने लिहिलं: ‘सांडपाण्याचा बीओडी २८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, म्हणजे मर्यादेच्या आत.’ व्याकरण निर्दोष, तरी शेजारी लाल शेरा. अमेरिकेत बीओडी म्हणजे २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची चाचणी. आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकात २७ अंशांना तीन दिवसांची. नद्या-नाल्यांत सोडायच्या पाण्याला आपल्याकडे ३० ची मर्यादा आहे आणि त्यांच्या द्वितीयक प्रक्रियेच्या मानकातही मासिक सरासरी ३०. आकडा सारखा, चाचणी वेगळी. दिवस आणि तापमान न लिहिलेला बीओडी तिथल्या वाचकाच्या दृष्टीने अर्धवट आकडा आहे. बरोबर वाक्यात पद्धत, तापमान, कालावधी, नमुन्यांची संख्या आणि कोणत्या मानकाशी तुलना, हे सगळं असतं, आणि ‘मर्यादेच्या आत’ हा निष्कर्ष पुढच्या वाक्यात येतो. हे इंग्रजीचं काम आहे की विज्ञानाचं, असा वाद घालण्यात अर्थ नाही. गुण दोन्हींचे एकत्रच जातात.

एककांमध्ये आपण उलट फायद्यात आहोत. तिथल्या नद्यांचा विसर्ग घनफूट प्रतिसेकंदात देतात. युरोपातून आलेले विद्यार्थी चाचपडतात, पण तो आपला क्यूसेकच आहे. खडकवासल्यातून किती क्यूसेक सोडलं हे आपण दर पावसाळ्यात पेपरात वाचतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. साठा मात्र ते एकर-फुटांत (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी) मोजतात आणि आपण टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. एक टीएमसी म्हणजे जवळपास २२,९५७ एकर-फूट. कोयनेचं १०५.२५ टीएमसीचं धरण म्हणजे सुमारे २४ लाख एकर-फूट. हा गुणाकार पाठ असला की पाणी धोरणाचं कुठलंही वाचन सोपं जातं. १९२२ च्या कोलोरॅडो करारात त्या अमेरिकी नदीच्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याला ७५-७५ लाख एकर-फूट पाणी वाटून दिलं, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी. आपल्याकडे कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने कृष्णेतून एकट्या महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं होतं. दोन्ही आकडे एका फळ्यावर मांडले की वर्गाचं लक्ष लगेच वेधलं जातं. कोलोरॅडोचा हिशोब नेमका जास्त पावसाच्या वर्षांवर बेतला होता, म्हणून नदीत नसलेलं पाणीही कागदावर वाटलं गेलं. आपल्या लवादाचं विश्वासार्हतेचं सूत्र, म्हणजे किती टक्के वर्षांत तेवढं पाणी नदीत नक्की मिळेल याचा हिशोब, याच्याशी ताडून बघण्यासारखं आहे.

म्हणूनच इंग्रजी प्रोग्राममधल्या निबंधांना आणि सादरीकरणांना ‘माझा आवडता सण’ छापाचे विषय घेऊ नका. शिक्षक बहुधा विषय बदलून देतात, विचारायला मात्र हवं. सादरीकरणाला कृष्णा पाणीवाटप, कारण-परिणामाच्या निबंधाला मराठवाड्यातला ऊस आणि भूजल, सारांशलेखनाला आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समितीच्या) अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा भाग. कोर्स संपेपर्यंत मास्टर्सच्या पहिल्या सत्राची निम्मी सामग्री हाताशी असते. वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांना काही ठिकाणी पदवीचा एखादा विषय श्रेयांकासह घेऊ देतात. तो घेताना सेमिनार टाळा आणि सांख्यिकी किंवा जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) घ्या. तिथे भाषेचा भार कमी असतो.

आयपीसीसीचा अहवाल आणखी एका कारणाने वाचायचा. आपलं पाठ्यपुस्तकी लिखाण ‘यावरून सिद्ध होते की’ने संपतं. पर्यावरणाच्या इंग्रजीत सिद्ध फारसं काही होत नाही. खात्री किती आहे ते पायरीपायरीने सांगतात, आणि आयपीसीसीने तर त्या पायऱ्या आकड्यांनी बांधल्या आहेत. ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १००, ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे ९९ ते १००. जोर यावा म्हणून सहज ‘व्हेरी’ टाकण्याची सवय इथे महागात पडते. एकच तापमानवाढीचा परिच्छेद तीन वेगवेगळ्या खात्रींनी लिहून पाहा आणि प्रत्येक वेळी पुरावा तेवढा आहे का ते तपासा. इंग्रजीच्या दहा कार्यपुस्तिकांपेक्षा हा सराव जास्त कामाचा.

उद्धरणाबाबत थोडक्यात: मूळ वाक्यातले चार शब्द बदलून खाली संदर्भ दिला तरी ती चोरीच धरतात. लेख वाचा, बंद करा, आठवून लिहा, मग आकडे पडताळा. गाइडातून उतरवायची सवय असलेल्यांना पहिले काही आठवडे हे जड जातं.

मास्टर्स सुरू झालं की पहिला धक्का सेमिनारचा. बोलण्याला एकूण गुणांपैकी १० ते २० टक्के असू शकतात. पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलून टाका, वाचनातल्या एखाद्या पान क्रमांकाला धरून. उशीर केला की तोच मुद्दा दुसरं कोणीतरी मांडून मोकळं होतं. असिस्टंटशिपवर शिकवायचं असेल तर बऱ्याच विद्यापीठांत बोलण्याची वेगळी चाचणी असते आणि तिची पट्टी प्रवेशापेक्षा वर असते. ती पहिल्याच सत्रात देऊन टाका.

दुसरा धक्का जाहीर टिप्पणीचा. १ जानेवारी १९७० ला सही झालेल्या नेपा या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखाली प्रकल्पांचे पर्यावरणावरच्या परिणामांचे अहवाल निघतात. २०२३ च्या दुरुस्तीने साध्या अहवालाला १५० पानांची मर्यादा घातली, फार गुंतागुंतीच्याला ३००. विद्यार्थ्याने त्यातला एक वाचून तो काढणाऱ्या सरकारी संस्थेला पाठवता येईल अशी टिप्पणी लिहायची असते. आपल्याकडची जनसुनावणी ज्याने पाहिली आहे त्याचा इथे घोटाळा होतो. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या सुनावणीत मंडपात माइकवर बोलायचं असतं, गावकरी ‘आमच्या जमिनी जाणार’ म्हणतात आणि ते इतिवृत्तात येतं. त्याला त्याचं मोल आहे. लेखी टिप्पणीत मात्र ‘हा प्रकल्प पर्यावरणाला घातक आहे’ या वाक्याला संस्था ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर देते. उत्तर द्यावंच लागेल असं वाक्य वेगळं असतं: अमुक प्रकरणाच्या अमुक पानावर भूजलाची पातळी एकाच हंगामात मोजली आहे, कोरड्या महिन्यांची मोजणी नाही, त्यामुळे तक्त्यातला उपशाचा अंदाज टिकत नाही, ती मोजणी जोडा. पान, उणीव, परिणाम, मागणी. या चार गोष्टी एका परिच्छेदात बसवता आल्या की इंग्रजी पुरेसं झालं असं समजा.

प्रबंधासाठी महाराष्ट्रात येऊन लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर आयआरबीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या विद्यापीठाच्या नीती समितीची, परवानगी आधी काढावी लागते. त्यासाठी संशोधन नीतीचं ऑनलाइन प्रशिक्षण, प्रश्नावली आणि संमतीपत्र लागतं. संमतीपत्र मुलाखत देणाऱ्याला कळेल अशा भाषेत हवं, म्हणजे मराठीतून, आणि अनुवाद बरोबर असल्याची खात्री समितीला हवी असते. त्यासाठी बऱ्याचदा मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून दाखवावं लागतं. हा उलटा अनुवाद दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. शासकीय मराठीत ‘सदर संशोधनात स्वेच्छेने सहभागी होत असल्याचे’ असं लिहिलंत तर समिती मान्यता देईल, पण जुन्नरमधल्या आजींना ते वाचून दाखवताना पुन्हा साध्या भाषेत सांगावं लागेल, आणि समितीच्या दृष्टीने तो मजकुरातला बदल ठरतो. म्हणून साधा मसुदाच मंजूर करून घ्या. सही न करणाऱ्यांसाठी तोंडी संमतीची तरतूद पहिल्याच अर्जात मागा, नंतर दुरुस्ती टाकायला पुन्हा आठवडे जातात. उन्हाळ्यात येणार असाल तर हा अर्ज वसंत सत्राच्या सुरुवातीलाच टाका. मेमध्ये टाकलात तर परवानगी येईपर्यंत इकडे पेरण्या सुरू होतात आणि शेतावर मुलाखतीला कोणी थांबत नाही.